दुसऱ्या कानातून पडलेला नवस

देवळातल्या उंदराच्या कानात नवस सांगताना त्याचा दुसरा कान हाताने झाकायचा राहिला, तर नवस त्या कानातून बाहेर पडतो आणि आंबेखिंडीच्या मूषक संग्रहालयात जमा होतो. ज्याचा असेल त्याने तिथं जाऊन तो घेऊन यायचा असतो. हेमलताबाई माळवद्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना ते फोनवरून समजलं, तेव्हा त्या मांडीवर कापूस घेऊन वाती वळत बसल्या होत्या.

"माळवदे बाई का? मूषक संग्रहालयातून पोतनीस बोलतोय. तुमचा एक नवस आमच्याकडे पडून आहे. नेताय, की राहू दे?"

हेमलताबाईंनी वात अर्धवटच ठेवली. "कुठला हो?"

"ते फोनवर सांगत नाही आम्ही. माणसाचं खासगी असतं."

"तसं नाही. माझे पुष्कळ आहेत ना."

ते खरंच होतं. हेमलताबाई नवस बोलत आणि फेडत. सोमवार झाले होते, शुक्रवार झाले होते, एकदा नुसतं मीठ सोडलं होतं आणि ते का सोडलं हे विसरल्यावर पुन्हा धरलं होतं. बहुतेकांची फळं आली होती. काही यायची होती, ती येतील असं त्या धरून चालत. देवाला इतक्या जणांचं बघायचं असतं, मागेपुढे होणारच, असं त्यांचं मत होतं.

"टेकडीचा गणपती," पोतनीस म्हणाले, "अंगारकी. तुमच्या हातात लाल पर्स होती. येताना, त्या वेळी उंदराच्या पलीकडे जे कोण उभं होतं, त्यांना घेऊन या. त्यांच्याशिवाय काम होणार नाही."

हेमलताबाईंनी जन्मात पर्स वापरली नव्हती, कापडी पिशवी असे. लाल पर्स त्यांच्या नणंदेची, प्रभावन्संची होती. आणि त्यावरून त्यांना नवसही आठवला. आठवला तशी त्यांनी हळूच बैठकीच्या खोलीकडे पाहिलं. तिथं वसंतराव, त्यांचे यजमान, पेपर वाचत होते.

वसंतराव एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत होते. गाड्या पुकारायचं काम त्यांचं. आवाज असा की मिरजेची गाडी फलाटाला लागतेय म्हटलं की ज्याला मिरजेला जायचं नाही तोही उठून उभा राही. माळवद्यांचं घर स्टँडच्या मागच्याच गल्लीत. कर्ण्याचं तोंड नेमकं त्यांच्या स्वयंपाकघराकडे होतं. त्यामुळे पोळ्या लाटताना हेमलताबाईंना नवऱ्याचा आवाज दिवसभर ऐकू येई. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,' असं ते म्हणाले की त्या लाटणं थांबवून लक्ष देत. संध्याकाळी वसंतराव घरी येत, चपला काढत, पाय धूत आणि गप्प बसत. भाजीत मीठ कमी असलं तर मिठाच्या बरणीकडे बघत, आणि बरी झाली असली तर बरणीकडे बघत नसत. रागावलेले नसत, आजारी नसत. दिवसभराचे शब्द स्टँडवर संपून जात, इतकंच. पुढे ते निवृत्त झाले. आता कर्ण्यातून रेकॉर्ड केलेली कुणा बाईची गोड वाणी येते, तिच्या 'मिरज'मध्ये काही दम नाही, आणि घरात तर काहीच येत नाही.

नवस याचाच होता. ह्यांनी घरात बोलावं. त्यासाठी जन्मभर संकष्टी धरीन, असं हेमलताबाई टेकडीवरच्या उंदराला म्हणाल्या होत्या, आणि फळ येईपर्यंत कशाला थांबा म्हणून त्यांनी त्याच महिन्यापासून धरलीही होती.

"अहो," त्या दारात जाऊन म्हणाल्या, "मी उद्या वन्संबरोबर आंबेखिंडीला जाऊन येते. उंदराचं संग्रहालय आहे तिथं."

वसंतरावांनी पेपर खाली घेतला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि पेपर पुन्हा वर घेतला. म्हणजे हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी संकष्टीच होती. प्रभावन्सं तीच लाल पर्स घेऊन स्टँडवर आल्या. पर्सचा रंग आता विटकरी झाला होता, पण बंद नवे लावलेले होते. वन्सं वसंतरावांच्या थोरल्या बहीण, गावातच राहणाऱ्या, आणि बोलण्यात तिखट. गाडी सुटायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

"बरं झालं बाई बोलावलंस. निदान दुपारपर्यंत कान थंड. आज पहाटे उठल्यापासून दुधीभोपळा चाललाय आमच्याकडे. दुधीची भाजी, दुधीची वडी, दुधीचा हलवा. मी म्हटलं, दुधी आणलाय का? तर म्हणे नाही, नुसतं सांगतोय."

"शरदभाऊजींना हौस आहे," हेमलताबाई म्हणाल्या.

"हौस? अगं, झोपेत बोलतात. मी झोपलेय का हे विचारायला मला उठवतात."

शरदराव हे वन्संचे यजमान, शिंपीकाम करायचे. पूर्वी त्यांच्या तोंडात कायम टाचण्या असत आणि टाचण्यांमुळे ओठ मिटलेले. काढल्या तरी ते ओठ उघडायची सवय नव्हती. मग एका संध्याकाळी त्यांनी सगळ्या टाचण्या उशीला टोचल्या आणि बोलायला लागले, ते आजतागायत. कशामुळे, ते कुणाला कळलं नाही. वन्सं म्हणत, उन्हामुळे.

"कधीपासून हो हे बोलणं?" हेमलताबाईंनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"आपण टेकडीवर गेलो होतो बघ अंगारकीला. घरी आले तर हे दारात उभे. म्हणाले, प्रभा, आज काय गंमत झाली माहितीये? त्या दिवसापासून रोज गंमत होतेय."

हेमलताबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

संग्रहालयाचं दार बुटकं होतं. कमरेत वाकल्याशिवाय आत जाता येत नसे. दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं, 'येथे फक्त उंदीर. मांजराचा उल्लेख करू नये.' आत एक बाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी दोघींना नीट न्याहाळलं.

"कुरतडण्याजोगं काही आणलंय?"

"म्हणजे?" वन्सं म्हणाल्या.

"प्रवेशासाठी. काहीही चालतं. कागद, कापड, खाऊ. लोखंड नको."

हेमलताबाईंच्या पिशवीत सुक्या खोबऱ्याची वाटी होती, देवळात जाताना असावी म्हणून ती नेहमीच असे. त्यांनी ती दिली. बाईंनी ती भिंतीतल्या भोकाशी ठेवली. मग त्या वन्संच्या पर्सकडे बघत राहिल्या.

"ही देणार नाही," वन्सं म्हणाल्या.

"मागितली नाही. नजर गेली."

शेवटी हेमलताबाईंनी वन्संच्या वतीने शेंगदाण्याचा लाडू दिला आणि दोघी आत गेल्या.

पहिलं दालन कुरतडलेल्या वस्तूंचं होतं. काचेच्या पेट्यांत पैठणीचा पदर, धोतराचा सोगा, तंबोऱ्याची खुंटी अशा गोष्टी होत्या आणि प्रत्येकीखाली चिठ्ठी होती. एका लग्नाच्या आल्बममध्ये सगळे पाहुणे शाबूत होते, फक्त एका मामांचं डोकं नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'कारण भूक नव्हे.' वन्संनी चष्मा लावून तो आल्बम बराच वेळ बघितला.

"ह्यांच्या मामांसारखे वाटतात," त्या म्हणाल्या.

"डोकं नाहीये वन्सं."

"तेच म्हणतेय."

पुढचं दालन मोठं आणि थंड होतं. तिथं देवळांतून निवृत्त झालेले उंदीर होते. दगडी, पितळी, शिसवी, एक संगमरवरी, नाक घासून सपाट झालेला. प्रत्येकाला लाकडी चौरंग आणि अंगावर सुती पंचा. मातीचे उंदीर इथं नव्हते. ते दरवर्षी देवाबरोबर पाण्यात जातात आणि आपल्या कानातलं बरोबर घेऊन जातात, त्यामुळे त्यांचं काही बाकी राहत नाही, असं भिंतीवर लिहिलं होतं. प्रत्येक उंदराच्या एका बाजूला कुंकवाचे करंडे ओळीने मांडले होते. सगळीकडे शांतता होती, पण ती पूर्ण शांतता नव्हती. लग्नघरात पाठीमागच्या खोलीत बायका हळू आवाजात बोलत असाव्यात, तसं काहीतरी करंड्यांतून येत होतं.

हेमलताबाईंनी सवयीने सगळ्यांना मिळून एक नमस्कार केला. मग एकाला केला आणि दुसऱ्याला नाही असं वाटू नये म्हणून पहिल्यापासून वेगवेगळा करत निघाल्या.

"त्याची गरज नाही," मागून कुणी म्हणालं. "ते आता सेवेत नाहीत."

पोतनीस उंच होते आणि बुटक्या दारांमुळे कायमचे वाकलेले होते. त्यांनी दोघींना टेबलासमोर बसवलं. ते काही बोलणार तोच एक जिवंत उंदीर टेबलाखालून निघून भिंतीकडे गेला. पोतनीस उठून उभे राहिले. तो दिसेनासा झाल्यावर बसले.

"वरिष्ठ आहेत," ते म्हणाले. "हां. तर माळवदे बाई कोण?"

"मी."

"आणि पर्स यांची." त्यांनी वन्संकडे पाहिलं. "तुम्ही पलीकडे काय करत होता, आठवतं का?"

वन्सं गोंधळल्या. "मी? माझी दूर्वांची जुडी खाली पडली होती. ती उचलायला वाकले. म्हणून तर हिला म्हटलं, पर्स धर जरा."

"बरोबर. यांच्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातात तुमची पर्स. कान झाकायला हात उरला नाही. नवस एका कानातून गेला, दुसऱ्यातून निघाला, आणि तिथं तुम्ही वाकलेल्या होता." पोतनीसांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "नवसाचे दोन भाग असतात. बोल आणि फळ. बोल आमची माणसं कापसाने टिपून घेतात, तो इथं राहतो. फळ समोर जो असेल त्याच्या घरी जातं."

"कसलं फळ?" वन्सं म्हणाल्या. "हेमा, काय मागितलं होतंस तू?"

हेमलताबाईंना उत्तर द्यावं लागलं नाही. पोतनीसांनी एक करंडा उघडून त्यातला कापसाचा फाया काढला, अत्तराचा असतो तेवढाच, आणि त्यांच्या हातावर ठेवला. "कानाशी धरा. तुमचाच आहे ना, खात्री करा."

हेमलताबाईंनी फाया कानाशी धरला. आत एक तरुण बाई बोलत होती. धाप लागलेली, टेकडी चढून आलेली. म्हणत होती, देवा, ह्यांनी घरात बोलावं, काहीही बोलावं, मला बरं वाटेल. जन्मभर संकष्टी धरीन. मग थोडं थांबून म्हणत होती, घाई नाही.

त्यांनी फाया वन्संपुढे केला. वन्संनी ऐकला. ऐकताना त्यांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि तसंच राहिलं.

"म्हणजे आमचे हे," त्या शेवटी म्हणाल्या, "आमचे हे जे बोलतात, ते..."

"माळवदे बाईंचं आहे," पोतनीस म्हणाले. "मूळचं."

करंड्यांतली कुजबुज तेवढी चालू होती.

"आता काम सोपं आहे," पोतनीस म्हणाले. "टेकडीवरचे उंदीर इथंच आहेत, तिसऱ्या चौरंगावर. हाच बोल त्यांच्या कानात पुन्हा सोडायचा, दुसरा कान झाकून. फळ आपोआप मूळ मालकाच्या घरी येतं. संध्याकाळपर्यंत तुमचे यजमान बोलू लागतील."

हेमलताबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि पदराआडूनच विचारलं, "आणि शरदभाऊजी?"

"ते थांबतील. नवस एकच आहे बाई. एका घरी आला की दुसऱ्या घरी नसतो."

"थांबू देत," वन्सं लगेच म्हणाल्या. "सुटले बाई. घे तू. तुझंच आहे, त्यात विचारायचं काय. मी तर म्हणते फार आधी न्यायला हवं होतंस." आणि मग त्या पर्सची चेन उघडू लागल्या. उघडली, लावली, पुन्हा उघडली.

पर्समध्ये फोन वाजला. वन्संनी तो कानाला लावला. शरदरावांचा आवाज इतका मोठा होता की टेबलापलीकडे पोतनीसांनाही स्पष्ट ऐकू येत होता. दूध तापवून ठेवलं. साय चांगली आली आहे. समोरच्यांच्या भिंतीवर एक मांजर येऊन बसलंय, एक कान काळा आहे.

पोतनीस खाकरले. चौरंगांवरची कुजबुज क्षणभर बंद झाली.

"अहो, त्याचं नाव नका घेऊ," वन्सं फोनवर हळूच म्हणाल्या. "इथं चालत नाही. हं. हं. काळा? एकच? बरं. जेवा वेळेवर. हं."

त्यांनी फोन ठेवला आणि त्याच्या काचेवरून बोट फिरवत बसल्या. हेमलताबाई बघत होत्या. वन्संना 'हं' म्हणताना त्यांनी आजवर शेकडो वेळा ऐकलं होतं, कंटाळलेलं, वैतागलेलं. पण त्या बोलत असताना चेहरा कसा होतो, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. वन्संचा चेहरा, पोळी फुगताना बघणाऱ्या बाईचा असतो, तसा झाला होता.

"टाचण्यांचे दिवस आठवतात मला," वन्सं कुणालाच उद्देशून म्हणाल्या. "मशीन चालायचं तेवढाच आवाज. मशीनशी भांडायचे मी."

"वन्सं, मला हवंय ते," हेमलताबाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. आता तर स्टँडवरूनही ऐकू येत नाहीत हे. पण तुमच्या घरातून काढून न्यायला नव्हते आले मी. तो नवसच नव्हता माझा."

"मग काय करणार? इथंच ठेवणार? कापसाला ऐकवायला?"

"मला कळत नाहीये."

"तुला कधी काय कळलं," वन्सं म्हणाल्या, पण नेहमीसारखं म्हणाल्या नाहीत. मग त्यांनी पोतनीसांकडे पाहिलं. "अर्धा अर्धा नाही का हो होत? लाडू असता तर केला असता आम्ही."

हे त्या चेष्टेने म्हणाल्या होत्या. पोतनीस चेष्टेने घेणारे नव्हते.

"होतो," ते म्हणाले. "पण आम्ही सुचवत नाही. मागे दोन जावांनी केला होता. नवस बोलण्याचाच होता, असाच. तेव्हा एका यजमानांना वाक्याचा सुरुवातीचा भाग आला, दुसऱ्यांना शेवटचा."

"म्हणजे कसं?" हेमलताबाईंनी विचारलं.

"वाक्य कुणाचंही असो. सुरुवात एका घरात होते आणि शेवट दुसऱ्या घरात. दोघं जवळ बसले तर अर्थ लागतो."

"मग त्या जावांचं काय झालं?"

"तक्रार आली नाही," पोतनीस विचार करून म्हणाले. "भिंत पाडली, असं ऐकतो."

हेमलताबाईंनी हातातल्या फायाकडे पाहिलं. कापूस त्यांना नवा नव्हता. आयुष्यभर त्यांनी वाती वळल्या होत्या, वस्त्रमाळा केल्या होत्या. कापूस कुठे ओढला की कुठे सुटतो, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. त्यांनी फाया दोन बोटांत धरून हलकेच फाकवला. आतली तरुण बाई 'बोलावं'वर थोडी अडखळली, आणि मग दोन्हीकडून सारखीच ऐकू येऊ लागली.

"वन्सं, तुम्हाला सुरुवात हवी की शेवट?"

"शेवट दे," वन्सं म्हणाल्या. "सुरुवाती ऐकून कंटाळलेय मी. ह्यांचं कुठे जाऊन संपतं, ते कधी थांबून ऐकलं नाही."

टेकडीवरचे उंदीर दगडी होते, एका कानाचा टवका उडालेला. वय झालंय, सावकाश सांगा, असं पोतनीस म्हणाले. वन्संनी पर्स पोतनीसांच्या हातात दिली. ते ती दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. हेमलताबाई एका बाजूला वाकल्या. वन्सं पलीकडे गेल्या आणि त्यांनी आपला रुंद, बांगड्यांनी घट्ट झालेला हात दगडी कानावर असा दाबून धरला, की त्यातून वारा जाऊ नये. हेमलताबाईंनी आपला अर्धा फाया कानात सोडला. मग दोघींनी जागा बदलल्या. वन्संनी आपला सोडताना हेमलताबाईंनी दोन्ही हात लावले.

"झालं?" वन्संनी विचारलं.

"झालं," पोतनीसांनी पर्स परत दिली. एक कोपरा कुरतडलेला होता. ते म्हणाले, कसं झालं ते त्यांना समजलं नाही.

परतीच्या गाडीत वन्सं पर्स मांडीवर घेऊन बसल्या. पर्सचा कोपरा चाचपत राहिल्या. स्टँडवर उतरताना तेवढं म्हणाल्या, "तेव्हा पर्स मी द्यायलाच नको होती तुझ्याकडे."

"दूर्वा पडल्या होत्या ना वन्सं. उचलायलाच हव्यात त्या."

घरी आल्यावर हेमलताबाईंनी हातपाय धुतले, देवापाशी दिवा लावला. तिन्हीसांजेची वेळ होती. चंद्रोदयाला अजून अवकाश होता, म्हणून त्यांनी खिचडीसाठी दाण्याचं कूट काढून ठेवलं. वसंतराव खुर्चीत होते. पेपर घडी करून बाजूला ठेवलेला होता. ते काहीतरी हरवल्यासारखे, पण काय हरवलंय ते न आठवणाऱ्या माणसासारखे दिसत होते.

"दुधीचा हलवा करायचा तर," वसंतराव एकदम म्हणाले, "आधी दुधी..."

आणि थांबले.

हेमलताबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. तोच आवाज. कर्ण्याशिवाय, जवळून, थोडा बसलेला. स्वयंपाकघर, भांडी, मोरी, सगळं एकदम भरून गेलं. पुढच्या क्षणी त्यांच्या लक्षात आलं की आपल्या यजमानांना हलव्यातलं काही कळत नाही. हे वाक्य शरदभाऊजींचं होतं. पुढचं तिकडे गेलं असणार. तरी त्यांनी ते मनात पुन्हा म्हणून पाहिलं. आधी दुधी.

वसंतरावांनी स्वतःच्या ओठांना हात लावून पाहिला. ते बायकोकडे बघत होते. त्यांना काही समजत नव्हतं, आणि हेमलताबाईंना समजत असूनही त्या सांगू शकत नव्हत्या, कारण सांगायचं कुठून हे त्यांना समजत नव्हतं. मग वसंतराव उठले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. समोरच्या खिडकीतून स्टँडचा कर्णा दिसत होता. त्याच्याकडे पाहत ते सावकाश म्हणाले,

"हेमलता, इतकी वर्षं मी तिकडून गाड्या पुकारायचो, ते तुला..."

तोंड उघडं राहिलं. पुढे काही येईना. त्यांनी जोर लावून पाहिला. मानेची शीर वर आली. हेमलताबाई जवळ गेल्या आणि त्यांच्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "थांबा. घाई नाही."

त्यांनी फोन उचलला. वन्संनी पहिल्याच घंटेला घेतला.

"अगं, तुलाच लावत होते," वन्सं म्हणाल्या. "मघाशी हे उठून म्हणाले, किसून घ्यायचा. म्हटलं ठीक, ते आमचं असेल. पण आता भलतंच काही म्हणतायत. कुणाचं आहे बघ बाई. म्हणतात, 'आत पोळ्या करताना ऐकू यायचं का?' दोनदा म्हणाले. डोळ्यांत पाणी आहे ह्यांच्या, आणि ह्यांना विचारलं तर माहीत नाही म्हणतात. तेही अर्धंच म्हणतात."

हेमलताबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आमचंच आहे ते," त्या म्हणाल्या. "भाऊजींना सांगा, पोचलं."

मग त्या वळल्या. वसंतराव उंबऱ्यातच होते, उत्तराची वाट बघत, खिडकीत गाडीची चौकशी करायला आलेल्या माणसासारखे.

"यायचं," हेमलताबाई म्हणाल्या. "रोज यायचं. मिरजेच्या गाडीला मी लाटणं थांबवायची."

वसंतरावांनी मान हलवली. एकदा हलवली, आणि मग हलवतच राहिले. मग ते आत आले आणि पूर्वी कधीच आले नव्हते तसे स्वयंपाकघरात पाटावर बसले. फोन अजून चालू होता. त्यातून वन्सं विचारत होत्या, आता ह्यांना घेऊन निघू का तिकडे, की उद्या सकाळी.

"आत्ताच या," हेमलताबाई म्हणाल्या. "उपवास आहे, खिचडीच आहे. येताना दुधी असला तर आणा."

त्यांनी डब्यातून आणखी दोन मुठी साबुदाणा काढून भिजत घातला, आणि ओट्यावर चार ताटल्या मांडून चंद्राची वाट बघत बसल्या.